गुणाजीचा वाटा

“हात दी! हात दी आदी, मगे बोल!”

होडी वाळूला लागायच्या आतच म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात शिरला होता. डोक्याला लाल फडकं, उघडं अंग, छातीवरचे केस पांढरे. मी एक पाय होडीत आणि एक पाय बाहेर असा काठावर लटकलो होतो. आमच्या साताऱ्याकडं विहिरीत सूर मारणारा मी, पण खाऱ्या पाण्यापुढं माझी कायम पाचावर धारण बसायची. म्हाताऱ्यानं माझं डावं मनगट पकडलं आणि एका हिसक्यात मला वाळूवर आणलं.

वाळूवर पोचल्यावरही त्यानं मनगट सोडलं नाही. चांगला वेळ तसंच धरून ठेवलं. मला वाटलं, बेटावर पाहुण्याला असंच धरत असतील.

“तात्या, मी संपत निकम. गुणाजीबरोबर बर्फाच्या कारखान्यात असतो. मी तुम्हाला सांगायला...”

“गुणाजीचो घाटी मा तू? कागदात लिवता तो तुझ्याबद्दल. भाकरी खाणारो.” त्यानं माझ्या गुंडाळलेल्या बाह्या खाली ओढल्या. “ऊन लागतला तुका.” डाव्या मनगटावर त्यानं बटण लावलं. बोटं जाडजूड, बटण लहान, त्यामुळं बराच वेळ लागला. उजव्या बाहीचं बटण लावायचं तो विसरला.

“तात्या, जरा बाजूला येता का? महत्त्वाचं...”

“दोर धर,” तो म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला.

हा भिवा तांडेल, गुणाजीचा बाप. बेटावरच्या रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, मुख्य तोच. मी त्याला सांगायला आलो होतो की गुणाजी काल दुपारी चार वाजता गेला.

या गोष्टीला आता छत्तीस वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि कारखान्याच्या ऑफिसात हजेरी मांडायचो. बर्फाची लादी उतरणीवरून सुटली आणि तिनं गुणाजीला भिंतीशी दाबलं. अडीच-तीन मणांची लादी. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. कालवबेटावर फोन नव्हता, तार पोचायला तीन दिवस लागायचे. मालक म्हणाला, “निकम, तू त्याचा दोस्त. तूच जा.” तालुक्याच्या इस्पितळात मृतदेह ठेवायची सोय नव्हती, म्हणून कारखान्यानं दोन लाद्या पाठवल्या होत्या. ज्या बर्फानं त्याला मारलं त्याच बर्फात त्याला ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत कसंबसं टिकेल. त्याच्या आत आईबापांनी तोंड पाहायला हवं होतं.

मला बेटावर आणणाऱ्या अंतू होडीवाल्याला मी हे सगळं वाटेतच सांगितलं होतं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला श्वासच घेता येत नव्हता. ऐकल्यावर त्यानं वल्ही थांबवली, मग पुन्हा मारायला लागला. तो म्हणाला, “माका सांगलंस ता वायट केलंस. आता मी बेटार उतरूचंय नाय. आणि एक ध्येनात ठेव. भरती उतरली काय वाळूचो बांध उघडो पडता. एकाच्या आत निघाक होया. नायतर होडी रात्रीच.”

मी घड्याळ बघितलं तेव्हा सव्वादहा वाजले होते. निळ्या पट्ट्याखाली मनगट घामानं चिकचिकत होतं.

आता मी वाळूवर उभा होतो. नारळांची रांग, तिच्यामागं वीसतीस घरं आणि समोर अर्धगोल पांढरा किनारा. एवढी शांत जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि त्या शांततेचा मला राग आला होता. जाळं आधीच दर्यात पडलेलं होतं. त्याची दोन टोकं दोन लांब दोरांनी किनाऱ्याला आणलेली, आणि एकेका दोराला चाळीसएक माणसं. बायका, म्हातारे, पोरं, सगळं बेट. आमच्या दोरापासून दुसरा दोर दोनतीनशे पावलांवर होता. जाळं जसं आत येतं तशी दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं सरकत जातात, हे मला नंतर समजलं.

तांडेलानं मला स्वतःच्या मागं उभं केलं. दोर ओला, काथ्याचा, हाताला करवतीसारखा लागणारा. मी ठरवलं, दहा मिनिटं ओढतो, दम खाताना त्याला बाजूला घेतो आणि सांगतो.

“घाट्या, पाय रोव! पाठीन ओढ, हातान नको!” माझ्यामागून एक बाई ओरडली. काळीसावळी, दणकट, पन्नाशीची, नाव बायो. तिच्या तोंडाचा पट्टा दोर ओढतानाही थांबत नव्हता. “बरा केलंस इलंस ता. दोराक हात लागलो काय वाटो मिळता. वाटेन जाणारो आसलो तरी. बांगडे खातंस मा?”

“खातो,” मी म्हणालो.

“गुणाजीन शिकवल्यान आसतला. तेचोय वाटो आमी काढतों. भायर कामाक गेलेल्या परत्येकाचो वाटो काढतों, आणि तो तेच्या घराक जाता.” मग ती जरा हळू बोलली. “पण तो वाटो दुसऱ्याक देवचो नाय हां. दिलो काय तो माणूस परत येणा नाय. माझ्या दिराचो एकदा चुकान दिललो. तो आफ्रिकेक ऱ्हवलो तो ऱ्हवलो.”

मी पुढं बघितलं. तांडेलाची पाठ एका लयीत मागं येत होती, पुढं जात होती. मधूनच तो “होऽऽ” असं ओरडायचा आणि चाळीस माणसं एकदम मागं रेलायची. मी त्याच्या खांद्याला हात लावला.

“तात्या, मला तुमच्याशी बोलायचंय. आत्ताच.”

“बोलण्यान दोर ढिलो पडता.”

“पण तात्या, फार...”

“घाट्या!” तो मागं वळला. डोळे लालभडक होते. खाऱ्या पाण्यानं होतात तसे, असं मी समजलो. “रापण दर्यात आसा तवसर ह्या दोरार तांडेलाशिवाय कोणी बोलाचा नाय. कळला?”

बायो तर माझ्या मागं अखंड बडबडत होती. पण ते त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

“तेका राग नाय,” बायो माझ्या कानाशी पुटपुटली. “काळजी आसा. पंदरा दीस झाले, घरात मासळी नाय. आदी वादळ. वादळ थांबला तेव्हा रापण टाकलंव, अर्धी आत इली, आणि धुरीची म्हातारी मेली.”

“मग?”

“मगे काय? सोडलंव.”

“काय सोडलंत?”

“दोर! मरणाची खबर कानार पडली काय दोर हातातसून सोडूचो. तसोच. जाळा दर्यात, मासळी दर्यात. ही हयली रीत. भरलली रापण होती रे! डोळ्यांसमोर गेली. जाळा दोन दिसांनी गावला, फाटक्या. शिवूक आठ दीस लागले. पेज आणि मीठ, मीठ आणि पेज. आमच्या सुनेचा दूध आटला.”

माझ्या हातातला दोर एकदम जड झाला. मला वाटलं होतं की माझ्यापाशी एका घराची वाईट बातमी आहे. आता ती सगळ्या बेटाच्या ताटातला घास हिरावणारी झाली होती. तोंड उघडलं तर ऐंशी माणसं दोर सोडणार आणि माझ्यादेखत जाळं समुद्रात जाणार. न उघडलं तर भरती उतरणार, आणि तिकडं बर्फ वितळत असणार. शिवाय तोवर मी एका बापाच्या मागं उभा राहून, त्याच्या पोराचं मरण पोटात ठेवून, त्याच्याच दोराला हात लावून मासे ओढणार. आई म्हणायची, मनात पाप असलं की पायाखालची जमीन हलते. वाळू तर खरंच हलत होती.

“आणि ह्यो अंतू बगा!” पलीकडून कुणीतरी ओरडलं. “होडयेत बसान ऱ्हवलो! शिरा पडो तेच्या आळसार!”

सगळे हसले. अंतू होडीत खाली मान घालून बसला होता. तो का उतरला नव्हता हे आता मला कळलं. ज्याच्या कानावर खबर पडलीय त्यानं दोराला हात लावायचा नाही. आणि मी तर मघापासून दोर ओढत होतो. मी हात सोडायला गेलो. त्याच क्षणी तांडेल न वळता म्हणाला, “सोडू नको. तू सोडलंस तर मागचे पडतले.”

मी परत घट्ट धरला.

साडेअकरा झाले, मग बारा. डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन. तळहातांची सालटं निघाली होती. दर चारपाच मिनिटांनी मी बाही वर करून वेळ बघत होतो आणि पाण्याकडं बघत होतो. आलो तेव्हा होडीच्या पलीकडं सगळं निळं होतं. आता तिथं पाण्याखाली पिवळा पट्टा दिसायला लागला होता.

“घड्याळ बगू नको,” तांडेल म्हणाला. “बाही खाली घे. पाणी बग. अंतूक मी सांगलंय, तो थांबतलो.”

अंतूला यानं कधी सांगितलं, कशासाठी सांगितलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी बाही खाली घेतली.

दुसरा दोर आता खूप जवळ आला होता. त्या रांगेतल्या माणसांचे चेहरे ओळखू यायला लागले. सर्वांत पुढं एक किडकिडीत बाई होती, काष्टा मारलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिची हनुवटी बघितली आणि मी नजर दोरावर वळवली. गुणाजीची हनुवटी हुबेहूब तशी होती, मधोमध खळी असलेली.

“तो घाटी मा?” तिनं लांबूनच हाक दिली. “रे बाबा, गुणो कसो आसा?”

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

“दोर ओढ गे शेवंते!” तांडेल गरजला. “मगे इचार!”

“मेलो दोन म्हयने कागद घालणा नाय!” ती हसत हसत म्हणाली. “इतक्या तरी सांग, जेवता मा येवस्थित?”

मेलो. कोकणात आया लाडानं म्हणतात, मला ठाऊक होतं. गुणाजीच मला दिवसातून दहादा ‘मेल्या’ म्हणायचा. मी मान हलवली. काय म्हणून हलवली ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं तिचा अर्थ घेतला, समाधानानं दोराला अंग दिलं आणि तिच्या रांगेनं मोठ्यानं “होऽऽ” केलं.

ती मान मी आयुष्यात परत परत हलवली आहे, स्वप्नात.

जाळं उथळ पाण्यात आलं तेव्हा दोन्ही रांगा एक झाल्या. आधी पाणी नुसतं थरथरलं. मग ते चमकायला लागलं आणि मग सगळं एकदम उसळलं. बांगडा होता. निळी पाठ, चंदेरी पोट, हजारो. पोरं किंचाळत पाण्यात शिरली, बायकांनी पदर खोचले, बायो तर मला मिठी मारून रडायलाच लागली. “घाट्याच्या पायगुणान इली गे! ह्येच्या पायगुणान!” मला त्या क्षणी समुद्रात जीव द्यावासा वाटला.

साडेबारा वाजले होते.

वाटे काढायचं काम तांडेलाच्या बायकोचं असतं. शेवंतीकाकी ओल्या वाळूवर बसली आणि टोपलीतून बांगडे उचलून ढीग मांडू लागली. प्रत्येक ढिगाला एकेका घराचं नाव घेत होती. तिचा हात भराभर चालत होता. मी तांडेलाकडं गेलो. आता जाळं वर होतं, मासे वाळूवर होते, आता सांगायला काही हरकत नव्हती.

“तात्या, आता तरी ऐका. गुणाजी...”

त्यानं माझ्या तोंडावर सरळ हात ठेवला. हाताला खारं पाणी, खवलं आणि काथ्याचा वास होता.

“थांब,” तो म्हणाला. “शेवटचो वाटो होवंदे.”

“...हो धुरीचो,” शेवंतीकाकी म्हणत होती, “हो गिरपांचो, आणि हो आमच्या गुणाजीचो.”

“शेवंते,” तांडेल म्हणाला. “गुणाजीचो वाटो ह्या घाट्याक दी.”

तिचा हात ढिगावर तसाच थांबला. किनाऱ्यावर हसणं चाललं होतं ते जवळच्या माणसांपासून विझत लांबपर्यंत गेलं. शेवटी फक्त टोपल्यांतल्या माशांची तडफड ऐकू येत होती. शेवंतीकाकीनं माझ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

“काय बोललंस?”

“ह्येका दी.”

तिनं विचारलं नाही काय झालं म्हणून. टोपलीत उरलेले दोन बांगडे तिनं त्या ढिगावर नीट ठेवले, ढीग माझ्या पायांकडं सरकवला आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहीत नाही.

बायो सगळ्यांत आधी भानावर आली. “तांडेला,” तिचा आवाज फाटला होता, “तुका ठावक होता? आणि दोर सोडूक नाय? तांडेल आसान?”

“कोणाच्या कानार खबर पडली?” भिवा तांडेल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “ह्येका मी बोलूक दिलंय नाय. मी आयकूक नाय, तुमी आयकूक नाय. रीत कानाची आसा. मी डोळ्यान बगलंय. डोळ्यान बगलल्याक रीत नाय.” तो थांबला. “दोष लागलो तर माझ्या एकट्याक लागांदे. मासळी घराक न्हेया. चुली पेटवा. सुतक आतासून.”

मग त्यानं माझा डावा हात हातात घेतला, बाहीचं बटण काढलं आणि बाही वर केली.

घड्याळ गुणाजीचं होतं.

दोन वर्षं रोज पाळी सुरू होताना तो ते माझ्याकडं द्यायचा. बर्फाच्या थंडीनं बंद पडतं म्हणायचा. “चावी दी आणि सांभाळ, मेल्या,” एवढं बोलून आत जायचा. मी ते माझ्या हातावर बांधायचो. इतकी सवय झाली होती की ते अंगावर आहे हे जाणवायचंही नाही. काल चार वाजल्यापासून ते माझ्याच मनगटावर होतं. मी त्यात सकाळपासून शंभर वेळा वेळ बघितली होती, पण घड्याळ मात्र बघितलं नव्हतं. त्याचा पट्टा चामड्याचा नव्हता. जाळ्याच्या निळ्या दोऱ्यानं विणलेला होता. तो विणणाऱ्या बापाला ओळखायला कितीसा वेळ लागणार?

“होडयेतसून उतरताना तुझो हात धरलंय,” तांडेल म्हणाला, “तेव्हाच कळला. जितो आसतो तर ह्या तुझ्या हातार कित्या आसता?”

म्हणजे सव्वादहाला. सव्वादोन तास तो माझ्यापुढं उभा राहून “होऽऽ” ओरडत होता.

होडी एकाला पाच मिनिटं असताना निघाली. अंतू, मी आणि ते दोघं. बायोनं एका फडक्यात गुंडाळून माझा वाटा माझ्या मांडीवर ठेवला होता. मी नको म्हणालो तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. “दोर धरलंस. घेऊकच होयो.” वाळूच्या बांधावर होडीचा तळ एकदा खरवडला. आम्ही सगळे श्वास धरून बसलो. अंतूनं वल्हं रोवून जोर लावला आणि होडी सुटली.

शेवंतीकाकी नवऱ्याकडं पाठ करून बसली होती. ती न वळता म्हणाली, “माका दोर ओढूक लावलंस.”

“होय.”

“मी हसत होतंय.”

“होय.”

“सगळ्या गावासमोर हसत होतंय भिवा.”

ती पुन्हा त्याच्याशी बोलली की नाही मला माहीत नाही. माझ्यासमोर तरी, दहनापर्यंत आणि नंतरही, नाही बोलली. मला मात्र तिनं विचारलं, “काल जेवललो?”

“हो काकी. माझ्या डब्यातली त्याच्या वाट्याची भाकरी खाल्ली. वर अर्धी माझी पण खाल्ली.”

तिनं मान हलवली. हे खरं होतं, आणि त्या दिवसात मी तिला दिलेलं पहिलं खरं उत्तर तेच.

मी घड्याळ काढून तांडेलापुढं धरलं. त्यानं ते घेतलं, निळ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला, एका ठिकाणी दोरा उसवला होता तिथं थांबला.

“चलता हा,” तो म्हणाला. “चावी कोणी दिल्यान?”

“मी. रोज मीच द्यायचो.”

“आज सकाळी?”

सकाळी सहा वाजता, इस्पितळाच्या ओट्यावर, आत गुणाजी बर्फात असताना, मी नेहमीसारखी चावी दिली होती. बोटांनी आपोआप दिली होती. हे त्याला कसं सांगायचं मला कळेना. “हो,” मी म्हणालो, “सवयीनं.”

त्यावर भिवा तांडेल रडला. बेटावर रडला नाही, बायकोपुढं रडला नाही, तो या एका शब्दावर रडला. मग त्यानं ते घड्याळ कानाशी धरलं आणि पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत खाली घेतलं नाही.